न आलेल्या मावशीची वाट

तार येते आणि नाटक सुरू होतं. ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या दोन पोरांनी आपापल्या आवडत्या मुलींना दुपारच्या जेवणाला बोलावलं आहे. कुणी वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय मुली यायच्या नाहीत, पण तीही सोय झाली आहे. दोघांपैकी चार्लीची ब्राझीलमधली गडगंज मावशी, डोना लुसिया, त्याच दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भाच्याला भेटायला यायची आहे. आणि तार म्हणते, मावशी आज येत नाही. मुली तर दाराशी येऊन ठेपल्या. त्यांचा एक मित्र, लॉर्ड फँकोर्ट बॅबर्ली, हौशी नाटकासाठी आणलेला म्हाताऱ्या बाईचा पोशाख अंगावर चढवून बघतो आहे. पुढचं कुणालाही सुचावं, इतकं उघड आहे. 'चार्लीज आंट' पाहताना प्रेक्षक नटांच्या अर्धं पाऊल पुढे असतो आणि तीच त्याची मजा असते.

ब्रँडन थॉमस या नटाने लिहिलेलं हे तीन अंकी प्रहसन पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते इंग्लंडच्या पूर्वेकडच्या बरी सेंट एडमंड्स या गावात, २९ फेब्रुवारी १८९२ रोजी. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला जन्मलेल्या नाटकाने दीर्घायुषी व्हावं हाही एक फार्सच. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ते लंडनच्या रॉयल्टी थिएटरात गेलं, महिन्याभराने मोठ्या ग्लोब थिएटरात हललं आणि १८९६ च्या डिसेंबरपर्यंत तिथून उठलं नाही. प्रयोग झाले १,४६६. त्याआधीचा विक्रम हेन्री बायरनच्या 'अवर बॉइज'चा होता, १,३६२ प्रयोगांचा. मावशीचं काम करणारा डब्ल्यू. एस. पेन्ली हाच निर्माता होता. पुढे ही कल्पना मुळात कुणाची यावरून त्याचं आणि थॉमसचं बिनसलं. यशस्वी नाटकाला बाप जास्त असतात. पडलेल्या नाटकाला कुणी विचारत नाही.

हे पुस्तक मात्र लंडनमधल्या त्या चार वर्षांचं नाही. ते त्या नाटकाच्या बोटींचं, आगगाड्यांचं आणि बैलगाड्यांचं आहे. इंग्रजी साम्राज्य जिथे जिथे पसरलं होतं तिथे बंदुका, बायबल आणि क्रिकेट गेलं हे आपण शाळेपासून ऐकत आलो. फार्सही गेला, आणि बऱ्याच ठिकाणी चर्चची भिंत उभी राहायच्या आत गेला, याची नोंद कुणी फारशी मनावर घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या किनाऱ्यावर कैद्यांची पहिली तुकडी उतरली १७८८ मध्ये. पुढच्याच वर्षी, ४ जून १७८९ ला, राजाच्या वाढदिवसानिमित्त त्या कैद्यांनी जॉर्ज फार्कहारचं 'द रिक्रूटिंग ऑफिसर' हे विनोदी नाटक केलं. १७९६ मध्ये तिथे नाटकगृह निघालं, तेव्हा नाणं इतकं दुर्मिळ होतं की तिकिटापोटी पीठ, मांस आणि दारू घेतली जाई. पिठाची पिशवी देऊन प्रहसन पाहणारा माणूस मला व्हिक्टोरियन काळातल्या कुठल्याही टीकाकारापेक्षा विश्वासार्ह वाटतो. दुसऱ्या टोकाला, १९०२ च्या दक्षिण ध्रुवीय हिवाळ्यात कॅप्टन स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेतल्या खलाशांनी किनाऱ्यावरच्या लाकडी झोपडीला 'रॉयल टेरर थिएटर' असं नाव देऊन 'तिकीट ऑफ लीव्ह' नावाचा फार्स केला. बाहेर महिनोन्‌महिने न उगवणारा सूर्य, आत झगे घातलेले दाढीवाले खलाशी.

वसाहतींतला नाटकधंदा कसा चाले हे थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर मावशी मेलबर्नला पोचली कशी हे कळणार नाही. लंडनमध्ये नाटक गाजलं की त्याचे 'वसाहतींचे हक्क' वेगळे विकले जात. विकत घेणारा बहुधा नटच असे. जे. सी. विल्यमसन हा अमेरिकन नट १८७४ मध्ये ऑस्ट्रेलियात उतरला. १८७९ मध्ये त्याने गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'पिनाफोर'चे तिथले हक्क ३०० पौंडांना घेतले आणि त्यावर एक साम्राज्य उभं केलं. 'चार्लीज आंट'च्या बाबतीत ही भूमिका फ्रँक थॉर्नटनने बजावली. तो मूळचा गिल्बर्ट-सलिव्हन मंडळीतला. जॉर्ज ग्रोस्मिथसारखा मोठा नट आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं, असं त्याचं काम. म्हणजे दुसऱ्याची वाट बघत पडद्यामागे बसायचं. लंडनमध्ये दुय्यम असलेला हा माणूस वसाहतींत मालक झाला. 'द प्रायव्हेट सेक्रेटरी' घेऊन तो १८८० च्या दशकात तिकडे गेला होता आणि १८९० च्या दशकात 'चार्लीज आंट' घेऊन पुन्हा गेला. थॉर्नटनच्या आयुष्यात मला या पुस्तकाची सगळी गंमत दिसते. घरी ज्याला कुणी फार ओळखत नाही तो बोटीतून उतरला की 'थेट लंडनहून' आलेला असतो.

सामान फार नसे. काळा सॅटिनचा झगा, लेसची शाल, पांढऱ्या केसांचा टोप, कॉलेजच्या अंगणाचे आणि दिवाणखान्याचे पडदे. मुख्य नट आणि दोनचार भरवशाची माणसं लंडनची, बाकीची तिथे जमवलेली. बोट ॲडलेडला लागली की तिथून मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, मग समुद्र ओलांडून न्यूझीलंड. तिथे डनेडिनपासून ऑकलंडपर्यंत मोठ्या गावांत आठवडा, मधल्या छोट्या गावांत एकेक रात्र. १८७२ मध्ये तारेने ऑस्ट्रेलिया लंडनशी जोडला गेला, त्यामुळे नाटक गाजल्याची बातमी दिवसात पोचे आणि नाटक मात्र महिन्यांनी. मधल्या काळात लोक त्याचीच वाट बघत राहत. नाटकवाल्याला जाहिरातीचा यापेक्षा स्वस्त मार्ग सापडला नसता.

मावशी ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या करत होती तो काळ कसा होता? १८९३ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या बँका एकामागून एक बंद पडल्या. मेलबर्नमध्ये जमिनींच्या सट्ट्यावर रातोरात लक्षाधीश झालेले लोक त्याच वेगाने दिवाळखोर झाले. त्याच सुमारास पश्चिमेकडे सोनं सापडलं, १८९२ मध्ये कूलगार्डीला आणि १८९३ मध्ये कालगूर्लीला. कालचा सावकार आज कारकून आणि कालचा खड्डे खणणारा आज बग्गीत, अशी सगळी उलथापालथ. अशा गावात ज्या नाटकात सगळे म्हातारे केवळ पैशासाठी एका बनावट बाईशी लग्न करायला धावतात, ते लोकांना फार लांबचं वाटलं नसणार. नाटकातला वकील स्पेटिग्यू आणि कर्नल सर फ्रान्सिस चेस्नी दोघेही या बाईच्या मागे लागतात, ते तिच्या ब्राझीलच्या संपत्तीकडे डोळा ठेवून. झग्याखालच्या पँटकडे कुणाची नजर जात नाही. पैशाची चमक असली की माणसाला दाढी दिसत नाही, हा थॉमसचा शोध सट्ट्याच्या बाजारातल्या प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती.

न्यूझीलंडमधली गंमत अजून वेगळी. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये तिथे बायकांना मताचा हक्क मिळाला. स्वतःचा कारभार पाहणाऱ्या देशांत तो पहिलाच, आणि नोव्हेंबरच्या अखेरच्या निवडणुकीत त्यांनी तो बजावलाही. त्याच दशकात त्यांच्यासमोर हे नाटक आलं, ज्याचा सगळा खटारा एका नियमावर चालतो. मुलींनी दोन तरुणांबरोबर भर दुपारी, नोकराच्या देखत, जेवायला बसायचं तर शेजारी म्हातारी बाई हवी. मतपेटीपर्यंत एकटी गेलेली बाई हे पाहून हसली ती कशाला? जुन्या रीतीला हसली, की त्या रीतीत अडकलेल्या 'होम'मधल्या आपल्या बहिणींना? पुढे प्रकरणाप्रकरणाने हाच प्रश्न वेगवेगळ्या गावांत विचारत गेलो आहे. उत्तर एक नाही. फार्सचं यंत्र सगळीकडे सारखंच चालतं, पण त्यातली अडचण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वयाची असते. एके ठिकाणी ती जिवंत, एके ठिकाणी ती आजीच्या वेळची.

दक्षिण आफ्रिकेबद्दल थोडक्यातच लिहिलं आहे, पण एक दृश्य सोडवत नाही. १८८९ मध्ये लस्कम सर्ल नावाच्या संगीतकार-निर्मात्याने पन्हाळी पत्र्याचं अख्खं नाटकगृह सुटं करून बैलगाड्यांवर लादलं आणि डर्बनहून जोहान्सबर्गला नेलं. सोन्याच्या खाणी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. गावाला धड रस्ते नव्हते आणि रंगभूमी आली. 'चार्लीज आंट' पुढे आफ्रिकान्समध्ये झालं आणि झुलूतही. एके काळी ते ४८ नाटकगृहांत २२ भाषांत एकाच वेळी चालू होतं असं नेहमी सांगितलं जातं. नाटकवाल्यांच्या आकड्यांना मी भाजीवाल्याच्या मापाइतकंच मानतो, पण रशियन, जर्मन आणि आयरिश मावश्या खरोखर आहेत.

आता एक गोष्ट, जी मला हे पुस्तक लिहायला लावून गेली. 'चार्लीज आंट' वसाहतींत गेलं, असं आपण म्हणतो. पण वसाहती त्या नाटकात आधीच होत्या. चार्लीच्या सोबत्याचा, म्हणजे त्या दुसऱ्या पोराचा बाप सर फ्रान्सिस चेस्नी हा हिंदुस्थानातल्या नोकरीतून परतलेला कर्नल आहे. परतल्यावर त्याला वारशात काय मिळालं तर कर्ज. वीस वर्षांपूर्वी हिंदुस्थानात पलटणीवर निघण्याआधी त्याची आणि लुसियाची ओळख झाली होती आणि लाजेपोटी तो मनातलं बोलला नाही, हा नाटकातला एकमेव हळवा धागा. लंडनमध्ये ही भूमिका स्वतः ब्रँडन थॉमस करत असे. म्हणजे गोरा साहेब हिंदुस्थानातून रिकाम्या हाताने येतो आणि संपत्ती येते ती ब्राझीलमधून, एका विधवेच्या रूपाने. साम्राज्याबद्दल त्या काळच्या गंभीर ग्रंथांनी जे बोलायचं टाळलं ते एका फार्सने पात्रांच्या यादीतच सांगून टाकलं. दूर समुद्रापार कुणीतरी आहे, त्याच्याकडे पैसा आहे, त्याला आपण पाहिलेलं नाही, आणि तो येणार आहे. वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाची दुसरी बाजू हीच होती. तोही कुणाच्या तरी लेखी समुद्रापारचा काका होता. ऑस्ट्रेलियातल्या बॅलराटच्या खाणीतला माणूस त्या नाटकात स्वतःला पाहत होता, फक्त आरशाच्या मागच्या बाजूने.

आणि तोतया हा काही रंगभूमीवरचाच प्रकार नव्हता. व्हिक्टोरियन काळातला सर्वांत मोठा तोतया वसाहतीतूनच आला. रॉजर टिचबोर्न हा श्रीमंत घराण्याचा वारस १८५४ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोहून बोटीने निघाला आणि बोटीसकट बेपत्ता झाला. त्याच्या आईला तो मेला हे पटेना. तिने ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, आणि १८६६ मध्ये वागा वागा या गावातला एक खाटीक 'तो मीच' म्हणून पुढे आला. हरवलेला रॉजर सडपातळ, फ्रेंच बोलणारा. सापडलेला रॉजर प्रचंड जाडा आणि फ्रेंचचा एक शब्द न येणारा. आईने पॅरिसला त्याला ओळखलं आणि मुलगा म्हणून पोटाशी धरलं. दिवाणी खटला, मग फौजदारी खटला, तोच १८८ दिवस चालला आणि १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची सजा झाली. ब्रँडन थॉमसने मावशीची कल्पना यावरून घेतली असं मी म्हणत नाही. पण १८९२ मध्ये ब्राझील, न पाहिलेला नातेवाईक आणि त्याचं सोंग घेतलेला माणूस हे सगळं एका नाटकात आलं तेव्हा चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक प्रेक्षकाला तो खटला आठवला असणार. तो तोतया मेला १८९८ च्या १ एप्रिलला. नियतीलाही फार्स लिहिता येतो, फक्त ती हसायला थांबत नाही. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयावर न. चिं. केळकरांनी नाटक लिहिलं ते १९१३ मध्ये. युद्धात किंवा समुद्रात माणसं हरवत राहिली की तोतये जन्मतातच, कारण त्यांची वाट पाहणारं कुणीतरी घरी बसलेलं असतं.

हिंदुस्थानात इंग्रजी नाटकमंडळ्या हिवाळ्यात येत. बोट मुंबईला, मग आगगाडीने कलकत्ता आणि वाटेत छावण्यांची गावं, पुढे रंगून, सिंगापूर, हाँगकाँग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉरिस बँडमन याने हा फेरा इतका पक्का बसवला की कलकत्त्याच्या एम्पायरपासून शांघायपर्यंत त्याच्या मंडळ्या एकमेकींना भेटत जात. मुंबईच्या गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊसही त्याच्या आणि जहांगीर फ्रामजी कराकांच्या डोक्यातून निघालेलं. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाने त्याचं उद्‌घाटन केलं तेव्हा ते अजून पुरं झालेलं नव्हतं. शिमल्याचं गेटी थिएटर १८८७ चं. तिथे आणि प्रत्येक छावणीत साहेबलोकांच्या हौशी मंडळ्या फार्स करत. बायकांची कामं करायला छावणीत अनेकदा सुभेदारीच्या वयाचे मिशीवाले कॅप्टनच असत. 'बॉक्स अँड कॉक्स'सारखे एक अंकी फार्स तर इतके झाले की संवाद सगळ्यांना पाठ. साम्राज्य चालवणाऱ्या माणसांना संध्याकाळी स्वतःलाच विदूषक झालेलं बघायची एवढी हौस का होती, याचं उत्तर त्यांच्या दिवसभराच्या गंभीरपणात आहे.

पण हीच मुभा इथल्या माणसाला होती का? १८७६ च्या जानेवारीत प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्यात असताना जगदानंद मुखर्जी नावाच्या वकिलाने त्याला घरी बोलावलं आणि घरातल्या बायकांनी अंतःपुरात त्याचं स्वागत केलं. बंगाली समाज संतापला. ग्रेट नॅशनल थिएटरने यावर 'गजदानंद ओ युवराज' हे प्रहसन केलं. पोलिसांनी ते बंद पाडलं, मंडळींनी नाव बदलून केलं, ते पुन्हा बंद पडलं. व्हाइसरॉयने आधी वटहुकूम काढला आणि त्या वर्षाच्या अखेरीस नाट्यप्रयोग नियंत्रण कायदाच झाला. त्याच कायद्याने पुढे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ला १९१० मध्ये बंदी आली. एका फार्समुळे कायदा होणं हे नाटकाला मिळालेलं मोठं प्रशस्तिपत्र मानायला हरकत नाही. पण दोन प्रहसनं शेजारी ठेवून बघा. एकात खरा लॉर्ड परकर नेसून परक्या घरात बायकांमध्ये बसतो, चुंबनंही घेतो, आणि सगळं साम्राज्य पोट धरून हसतं. दुसऱ्यात युवराज परक्या घरात बायकांमध्ये बसतो, तोही स्वतःच्याच कपड्यांत, आणि सरकार हादरतं. विषय जवळजवळ एकच. फरक हा की पहिल्यात घर त्यांचं होतं.

फार्स हा शब्द मराठीत आला तो याच गर्दीत. १८५३ मध्ये पारशी मंडळीने ग्रँट रोडच्या नाटकगृहात रुस्तुम-सोहराबाचं नाटक केलं आणि त्याच्या शेपटीला 'धनजी गरक' हे प्रहसन जोडलं. विष्णुदास भावेही त्याच वर्षी मुंबईला आले. मराठी मंडळ्यांनीही पौराणिक खेळानंतर 'फार्स' करायला सुरुवात केली. दैत्यांची आरडाओरड संपली की वेगळे कपडे, रोजची भाषा आणि शेजारच्या गल्लीतली माणसं. मराठीत इंग्रजी-फ्रेंच प्रहसनं येण्याची वाट त्यामुळे मळलेली होती. देवलांचं 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या अठराव्या शतकातल्या इंग्रजी नाटकावरून आणि तेही मोलिएरवरून. पण 'चार्लीज आंट' मराठीत यायला अर्धं शतक गेलं. याचं कारण मी बरेच दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

कारण साधं आहे. साडी नेसलेला पुरुष हा मराठी रंगभूमीवर विनोद नव्हता. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढची पंचवीस वर्षं महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्याकडे बघून साड्या नेसायला शिकल्या. पेन्लीच्या मावशीची सगळी गंमत यात की झग्यातला पुरुष लपत नाही. बालगंधर्वांची सगळी कला यात की तो दिसत नाही. ज्या रंगभूमीवर सगळ्याच बायका पुरुष आहेत, तिथे एकाच बाईला 'हा पुरुष आहे हो' म्हणून हसायचं कसं? फार्स व्हायला आधी खऱ्या बायका मंचावर याव्या लागतात. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी कामं केली, आणि तिथून पुढे नाटकातली बाई बाई झाली. मग अत्र्यांना मावशी सुचू शकली. स्वातंत्र्य येण्याच्या आसपास आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' आलं. बापूराव माने यांनी मावशी केली. १९८० च्या दशकात सुयोग या नाट्यसंस्थेने ते पुन्हा उभं केलं, दिलीप कोल्हटकरांचं दिग्दर्शन, अशोक पत्कींचं संगीत आणि मावशी विजय चव्हाण. ते इतकं रंगलं की पुढे विजय चव्हाण म्हटलं की लोकांना आधी मावशी आठवे आणि मग माणूस.

अत्र्यांच्या नाटकाच्या नावातल्या एका शब्दाबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीतल्या 'आंट'ला बाजू नसते. मराठीत ती निवडावी लागते: आत्या, काकू, मामी की मावशी? आत्या माहेरच्या हक्काने येते आणि तिला अख्खं घर ओळखतं. काकू घरातच असते. मामी मामाला विचारल्याशिवाय येत नाही. मावशी तेवढी अशी, की आईच्या बाजूची, लग्न होऊन दूर गेलेली, भाच्याला कधी न दिसलेली आणि तरी जिच्यावर भाच्याचा हक्क आईइतकाच. 'माय मरो पण मावशी जगो' असं म्हणणारा समाज पोरक्या चार्लीला दुसरं कोण देणार होता? आणि दुसरी गोष्ट अत्र्यांना पक्की ठाऊक असणार. तमाशाच्या गौळणीत गौळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली, पेंद्याशी हुज्जत घालणारी मावशी शेकडो वर्षं पुरुषच करत आला आहे, आणि तिच्यातला पुरुष कधी लपत नाही. म्हणजे ब्राझीलहून ऑक्सफर्डमार्गे आलेल्या बाईला महाराष्ट्रात जागा शोधावी लागली नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिची जागा धरून ठेवलेली होती. वसाहतींच्या रंगभूमीवरच्या सगळ्या मावशांमध्ये मराठी मावशी मला वेगळी वाटते ती एवढ्यासाठी. ऑस्ट्रेलियाने मूळ मावशी जशीच्या तशी बोटीतून उतरवून घेतली, कारण तिथला प्रेक्षक स्वतःच बोटीतून उतरलेला होता. इथे मात्र बोटीतून फक्त कथानक उतरलं.

या पुस्तकात मूळ नाटकाला मी सगळीकडे 'चार्लीज आंट' असंच म्हटलं आहे, कारण प्रत्येक मुलखात त्या आंटीला वेगळं नातं मिळालं आणि माझं नातं सगळ्यांवर लादायला मन धजलं नाही. भूमिकेला मात्र 'मावशी' म्हटलं आहे, कारण तिला दुसरं काही म्हणणं मला जमत नाही. बरी सेंट एडमंड्सचं ते १८१९ चं नाटकगृह मधली काही दशकं दारूच्या कारखान्याच्या पिपांचं गोदाम होतं. १९६५ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि आजही चालू आहे. सर्लचं पत्र्याचं नाटकगृह राहिलं नाही. मुंबईचं ऑपेरा हाऊस सिनेमागृह झालं, बंद पडलं, पुन्हा उघडलं. नाटकांपेक्षा नाटकगृहांचे फेरे मोठे असतात, म्हणून शेवटची दोन प्रकरणं केवळ इमारतींना दिली आहेत. घाई असलेल्या वाचकाने ती गाळली तरी चालतील, मी रागावणार नाही.

'मोरूची मावशी' मी पहिल्यांदा पाहिलं सांगलीला, आजीबरोबर. लहानपणी तिने बालगंधर्वांना पाहिलं होतं आणि त्यानंतर पुरुषाने लुगडं नेसणं तिला धंदेवाईक वाटत नसे. पहिला अंक ती गप्प बसली. मग मावशीचा पदर तिसऱ्यांदा घसरला तेव्हा तिचा धीर सुटला. "ह्या मेल्याला पदर सांभाळता येत नाही," असं म्हणून ती जी हसायला लागली, ती मध्यंतरापर्यंत. चहाच्या टपरीशी तिने मला विचारलं, "खरी मावशी येते का रे शेवटी?"

मी म्हटलं, येत असेल.

"मग ही जाऊ नये," ती म्हणाली.